शी झाली काय?

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आयर्विनला किती?" पुढं 'फूट' कुणी लावत नाही. कृष्णेवरच्या 1929 सालच्या या पुलाला नाव व्हाइसरॉयचं आहे, पण त्या साहेबाशी आता कुणाला घेणंदेणं नाही. आमच्या लेखी आयर्विन म्हणजे पाण्याचा आकडा. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आकडा कळला की मग बाकीची चौकशी: कोयनेतून किती सोडलं, वारणा काय म्हणतीया, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाची दारं उघडलीत काय.

त्या साली जुलैअखेर आमच्या गावभागातल्या घरात मात्र या प्रश्नाचा नंबर दुसरा लागला. पहिला होता, "शी झाली काय?"

लेक दोन महिन्यांची. पाच दिवस शी नाही.

आता लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. दुपारी घरी फोन लावायचो. पत्र्यावर पाऊस असा वाजत असायचा की हळू बोलून उपयोग नाही. "झाली काय? अजून नाही? थोडी तरी?" असं मी ओरडून विचारायचो आणि समोर बसलेली गिऱ्हाइकं आदरानं दुसरीकडं बघायची. चौथ्या दिवशी शेठनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "वसुली अडकलीय काय कुठं?" मी म्हटलं, "होय, घरचीच आहे."

गंमत म्हणजे महिन्यापूर्वी तक्रार बरोबर उलटी होती. जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत ते डांबरासारखं काळं-हिरवं, चिकट. आम्ही घाबरलो, तर नर्स म्हणाली, हेच यायला पाहिजे, नाही आलं तर घाबरा. चारपाच दिवसांत रंग पिवळा झाला आणि मग कार्यक्रम सुरू झाला तो दिवसाला सात-आठ वेळा. पाजलं की शी, बदललं की शी, नवं दुपटं खाली सरकवेपर्यंत पुन्हा. आणि बाहेर आषाढ. सांगलीच्या पावसात दुपटं वाळवून बघितलेल्या माणसालाच कळेल मी काय म्हणतो ते. सोप्यात दोऱ्या, माजघरात दोऱ्या, खुर्च्यांच्या पाठींवर लंगोट, पंख्याखाली टोपडी. पाहुणे वाकून आत यायचे. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी सगळ्यात मऊ आणि वाळायला सगळ्यात हट्टी. मी इस्त्री घेऊन बसायचो आणि एक-एक दुपटं वाळवायचो, त्यातून येणाऱ्या वाफेला बाळाचा एक आंबूस वास यायचा. तो वास पुढं दुकानात माझ्या शर्टालाही येऊ लागला, हळदीच्या वरताण. कधी एकदा ही हगवण थांबते असं मी म्हणालो होतो, आणि बायको म्हणते त्याप्रमाणे तेच तोंडातून निघालेलं देवानं ऐकलं.

पाचव्या दिवशी सकाळी पेपर उघडला तर मोठ्या अक्षरात, 'कोयनेचा विसर्ग वाढवला'. बायकोनं लेकीकडं बघितलं, मग पेपरकडं. "बघ. 105 टीएमसीचं धरण सोडतंय, आणि हे साडेचार किलोचं सोडत नाही."

माझी काळजी दोन ठिकाणी जाऊन हलकी व्हायची. एक आमच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशी. त्या सांगलीवाडीहून पूल ओलांडून रोज सकाळी येत. छत्री दारात झटकली की एका दमात दोन बातम्या सांगत. "पाणी वाढलंय रातीपासनं. आणि तिकडच्या गल्लीतल्या बारक्याला आज सहा दिवसांनी झाली. गाडाभर!" नदीकाठच्या पाच-सहा घरांतली बाळं त्यांच्या हातून रोज जायची, त्यामुळं कुणाच्या टाळूवर खवले धरलेत, कुणाचे डोक्यामागचे केस घासून गेलेत, कोण दिवसा झोपून रात्रभर टकटका बघतंय, सगळं त्यांना ठाऊक. नाव कुणाचंच घेत नसत. माझी बायको घाबरत घाबरत विचारी, "मावशी, हिला सारखी उचकी लागते." मावशी लेकीला पायांवर पालथी घेत म्हणत, "लागू दे की. सगळ्यास्नी लागती." एवढंच. औषध नाही, उपाय नाही. पण त्या 'सगळ्यास्नी'वर बायकोचा सकाळचा चहा गोड लागायचा.

दुसरं ठिकाण म्हणजे दत्तनगरचा एक गडी. त्याची माझी ओळख अर्ध्या तासाची. दीड महिन्याची लस द्यायला गेलो होतो तेव्हाची. त्या दिवशी तीन सुया असतात, दोन मांड्यांना आणि एक दंडाला, शिवाय पोलिओचे आणि रोटाचे थेंब. नंतर अर्धा तास तिथंच बसायला लावतात, पोराला काही होत नाही ना ते बघायला. माझ्या मते त्या अर्ध्या तासाचा खरा उपयोग पोरांपेक्षा आईबापांना. आधी रडारडीचा एक डोंगर होतो, मग एकेक पोर आईच्या पदराखाली शांत होतं, आणि बाकावर बसलेली अनोळखी माणसं हळूहळू बोलायला लागतात. "तुमच्या पोराच्या दंडावर जन्माच्या लशीचा फोड आलाय काय? आमच्याला पू धरलाय." "आलाय की. तो यावाच लागतो म्हणे." "आमची झोपेत हसते." "आमचा झोपेत दचकतो, दोन्ही हात असे वर करून, जसं काय झाडावरून पडतोय." बापे लोक सुरुवातीला मोबाइलमध्ये बघतात. मग त्यातला एक धीर करून विचारतो. आमच्यात तो धीर दत्तनगरच्या गड्यानं केला. माझ्याकडं सरकून, आवाज बारीक करून म्हणाला, "भावा, तुमची पण रात्री दोन ते चार रडती काय?"

रडती म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की जसं काय मी त्याचं कर्ज फेडलं. नंबर दिले-घेतले. तेव्हापासून रात्री अडीचला आमचे निरोप सुरू. त्याचा मुलगा पोटदुखीनं पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा. तो लिहायचा, 'सुरू.' मी लिहायचो, 'इकडं पण.' सल्ला कुणीच देत नसे. द्यायला होता कुणाकडं?

सल्ला द्यायला घरात माणसं होतीच. माझी आई म्हणाली, पानाचा देठ एरंडेलात बुडवून लाव, पाच मिनिटांचं काम. तासगावहून सासूबाईंनी फोनवर सांगितलं, हिंग कालवून बेंबीभोवती लावा आणि मुरुडशेंगेचे दोन वळसे जास्त द्या. गुटीची सहाण आमच्याकडं बारशापासून धुऊन-पुसून तयार होती. मायफळ, वेखंड, हिरडा, जेष्ठमध, सुंठ, आतड्यासारखी पीळ पडलेली मुरुडशेंग, सगळं एका जुन्या डब्यात. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, असं बजावलं होतं. आईनं ते ऐकलं आणि डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "बरोबर आहे. तुला आम्ही दगडच उगाळून घातले असतील." त्यावर काय बोलणार? तडजोड हिंगावर झाली. पोटात काही नाही, पोटावर चालेल. देठाला बायकोनं साफ नकार दिला आणि आईनं दोन दिवस तिच्याशी फक्त बाळामार्फत बोलणं ठेवलं. "बघ गं बाय, आता आजीचं कोण ऐकतंय."

आणि एक शोधमोहीम चालू होती. सांगलीला पूर आला की दोष अलमट्टीचा, हे इथं ठरलेलं आहे. त्यात खरं किती यावर चहाच्या टपरीवर मारामारी होऊ शकते, म्हणून मी त्यात पडत नाही. पण बाळाच्या पोटातल्या प्रत्येक गोष्टीचा दोष आईच्या ताटाचा, हेही तसंच ठरलेलं. हिनं सोमवारी हरभऱ्याची उसळ खाल्ली. हिनं ओली काकडी खाल्ली. हिनं मंगळवारी वांगं खाल्लं, खाल्लं म्हणजे वासच घेतला असेल, पण घेतला. बिचारी महिना-दीड महिना मेथी, अळिवाचे लाडू आणि बाजरीची भाकरी यांवर होती, तरी अलमट्टी तीच. एका दुपारी मी दुकानातून आलो तर ती कोरडा भात घेऊन बसली होती आणि रडत होती. म्हणाली, "मी काय खाऊ ते एकदा लिहून दे सगळ्यांनी." त्या दिवशी मी डॉक्टरांकडं घेऊन गेलो, खरं तर लेकीपेक्षा तिच्यासाठी.

डॉक्टरांनी लेकीचं पोट दाबून बघितलं. मऊ होतं. वजन केलं, लसीच्या कार्डावरच्या गुलाबी तक्त्यात टिंब टाकलं, टिंब मागच्या टिंबापेक्षा वर होतं. विचारलं, पिते का नीट, ओलं किती वेळा करते, उलटी हिरवी होते का, रक्त दिसलं का. ओलं दिवसाला सात-आठ वेळा, बाकी काही नाही. मग ते खुर्चीत मागं रेलले. दीड महिन्यानंतर आईच्या दुधावरच्या बाळांना कधी कधी चार दिवस, कधी आठवडाही होत नाही. दूध जवळजवळ सगळंच अंगी लागतं, खाली टाकायला उरतच नाही फारसं. तोंड लाल करून कुंथते ते बद्धकोष्ठ नव्हे, जोर कुठं लावायचा हे तिचं अजून शिकणं चाललंय. पोट फुगलं, दगडासारखं झालं, प्यायची बंद झाली किंवा हिरवी उलटी झाली तर मात्र वेळकाळ न बघता या. आणि बायकोकडं बघून, "तुम्ही पोटभर जेवा. वांगं खा."

घरी येऊन तिनं ते आईला शब्दश: सांगितलं, वांग्यासकट. आई काही बोलली नाही, पण रात्री भरलं वांगं केलं.

इतकं ऐकूनही प्रश्न थांबला म्हणाल तर नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, आता आम्ही कारणासकट काळजी करत होतो. मी दुकानातून फोन करायचोच. पुलावर रोज गर्दी करून पाणी बघणाऱ्यांचं तरी काय असतं? बघितल्यानं इंचभर उतरत नाही. तरी सगळी सांगली संध्याकाळी तिकडं असते, कठड्याला टेकून, कणीस खात.

सहाव्या दिवशी पाणी 37 वर गेलं. दत्तनगरचा गडी पोराला आणि बायकोला घेऊन कुपवाडला मेव्हण्याकडं गेला. त्यांच्या भागात आमच्या आधी शिरतं. आमच्याकडं 2019 ला, 57 फुटांच्या वेळी, छातीला लागेल एवढं आलं होतं. भिंतीवरची रेघ वडिलांनी रंग देतानाही मुद्दाम ठेवलीय. त्या वेळी आम्ही आधी तांदूळ, मग कागदपत्रं, मग टीव्ही वर नेला होता. या वेळी बायकोनं पिशवी भरली त्यात दुपटी, लसीचं कार्ड, खेळण्यातला एक खुळखुळा आणि हिंगाची डबी होती. डबी कुणी घातली हे मी विचारलं नाही.

सातव्या रात्री लाइट गेली होती. पाऊस मात्र थांबला होता, आणि थांबल्यावर जो आवाज येतो, लांबून नदीचा, तो येत होता. तीनच्या सुमाराला लेक माझ्या मांडीवर होती. तोंड लाल, भुवया एकत्र, मुठी आवळलेल्या. दोन दिवसांनी आलेल्या नळाला आधी हवा सुटते तसा आवाज झाला.

मग पाणी आलं.

माझी लुंगी, माझी मांडी, खालची चटई, आईनं शिवलेली गोधडी. बायको मोबाइलचा उजेड धरून उभी राहिली आणि एवढी हसायला लागली की उजेड भिंतीवरच्या त्या रेघेवर हलायला लागला. आतून आईचा आवाज आला, "झाली काय?" मग वरून वडिलांचा, जे या विषयात पडत नाहीत असा आमचा समज होता, "झाली काय रे?" लेक मात्र हलकी होऊन माझ्याकडं बघत होती, जसं काय मीच काहीतरी केलंय.

मी एका हातानं निरोप टाकला. 'झाली.'

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. जागाच होता. 'किती फूट?'

'धोक्याची पातळी ओलांडली. सखल भागातल्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावं.'

'आमचं अजून सुरूच. आयर्विन 36. उतरायला लागलंय.'

मी बायकोला म्हटलं, पाणी उतरतंय. ती दोरीवरची दुपटी एक-एक करून गालाला लावून बघत होती. एकही वाळलं नव्हतं.