चार मिलिमीटरची चूक: रापीच्या धारेची नोंद

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझी रापी, म्हणजे चामडं कापायची-तासायची सुरी, आता दाढी करण्याइतकी धारदार झालीय. हातावरचे केस खरोखरच निघत होते. पण 3 मिमी जाडीच्या पट्ट्याचं टोक दुमडण्यासाठी पातळ करायला घेतलं आणि रापी आत शिरेचना. वरवर घसरायची, जोर लावला की एकदम रुतायची. दोन पट्टे वाया गेले. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं नाही, झाडाच्या सालीत कमावलेलं चांगलं चामडं, म्हणजे हळहळ जास्त.

वैतागून ती रापी कोपऱ्यावरच्या मोचीमामांना दाखवली. त्यांनी नखावर एकदा टेकवली, मग स्वतःची रापी तिच्या शेजारी ठेवली आणि हसले. “ही छिन्नी कुठनं आणली?”

त्यांच्या रापीचा तिरका उतार जवळपास करंगळीएवढा रुंद होता. माझा? घरी येऊन व्हर्नियरने मोजला. पातं 2 मिमी जाड, उतार जेमतेम 4 मिमी. दोन भागिले चार म्हणजे 0.5, आणि शाळेतलं साइनचं कोष्टक आठवत असेल तर तो झाला 30 अंश. लाकडाच्या छिन्नीला साधारण 25 ते 30 अंश देतात. मामा अक्षरशः खरं बोलत होते. एकाच बाजूने उतार असलेल्या रापीला हा हिशोब करून बघाच, कोनमापक लागत नाही. 2 मिमी पात्याला 20 अंशांसाठी उतार 5.8 मिमी हवा, 15 अंशांसाठी 7.7. केस कापायला नुसती कड बारीक असली की भागतं. त्या कडेमागे पोलाद किती झपाट्याने जाड होतं, ते चामड्यात शिरतानाच कळतं.

30 अंश झाले कसे, तर माझ्या आळसाने. धार गेली की दर वेळी पातं किंचित उचलून घासायचो, म्हणजे कड लवकर दगडाला लागते आणि पाच मिनिटांत काम होतं. महिनोन्‌महिने असं केलं की उतार आखूड होत जातो. उरलेली वाट धारेवर शेवटचा हात फिरवायच्या पट्ट्याने लावली. प्लायवर चिकटवलेलं 4 मिमीचं मऊ चामडं, त्यावर मी दाबून ओढायचो. मऊ चामडं दाबाखाली कडेच्या मागून वर फुगतं आणि कड गोल करून टाकतं.

आता 30 वरून खाली यायचं म्हणजे ढीगभर पोलाद घासायचं. इथे मी शॉर्टकट मारला. रविवारी गल्लीत सायकलवर धारवाले काका आले, त्यांना म्हटलं उतार लांब करून द्या. दोन मिनिटं ठिणग्या उडाल्या आणि पातं परत आलं तेव्हा कडेला मोरपिशी निळा पट्टा. काकांचा दोष नाही, ते विळ्या-कात्र्यांना धार लावतात. साध्या कार्बन पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, 200 अंश सेल्सिअसच्या पुढे उतरायला लागतं, आणि निळा रंग म्हणजे पात्याने 300 च्या आसपास मजल मारलेली. ती कड आता पाजळत बसण्यात अर्थ नाही, निळा भाग पूर्ण घासून काढावा लागेल. तूर्त ती रापी डब्यात.

नवी रापी जुन्या बाजारातून. बुधवारी ऑफिसला उशिरा जाऊन मशीन-हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीच्या, ब्लेडचा तुकडा आणला. घेताना एक बघा: काही ब्लेडना फक्त दातांची पट्टी एचएसएसची (हाय-स्पीड स्टील, तापलं तरी कडक राहणारं पोलाद) असते, मागचं अंग मऊ पोलादाचं. तसलं आपल्या कामाचं नाही. अख्खं एचएसएस असेल तर ते ग्राइंडरवर तापलं तरी सहज मऊ पडत नाही. उलटी शिक्षा अशी की हाताने घासताना ते ढिम्म हलत नाही.

बोहरी आळीतून वॉटरपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचे घासकागद, आणले: 220, 400, 800, 1500 नंबरचे, आकडा मोठा तितका कागद बारीक. काचवाल्याकडून 8 मिमी जाड काचेचा कापून उरलेला तुकडा. आधी पाठ सपाट केली, मग उतारावर काळा मार्कर फासून घासायला बसलो. शाई जिथे राहते तिथे कागद लागत नाही, हे दर दहा हातांनी बघायचं. एकट्या 220 वर तीन संध्याकाळी गेल्या. पाठीच्या बाजूला कडेवर नख अडकायला लागलं, म्हणजे बर (घासून पलीकडे वळलेली पोलादाची बारीक कोर) आली, मगच पुढचा कागद. उतार 7 मिमीवर थांबवला, साधारण साडेसोळा अंश. धारेचा पट्टाही बदलला: दीड मिमीचं कडक चामडं थेट काचेवर चिकटवलेलं, त्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट, न दाबता दहा ओढी.

पहिल्याच ओढीला रंध्याखालून निघते तशी अखंड ढलपी निघाली. पलीकडचा दिवा दिसेल इतकी पातळ. आईला नेऊन दाखवली, ती म्हणाली, “आता विळीलाही लाव.”

आनंदात हात न धुता ओल्या चामड्याला हात लावला. लोखंडाचा गाळ आणि सालीतलं टॅनिन एकत्र आलं, पाच बोटांचे काळे ठसे उमटले. लिंबू चोळून फिके झाले, गेले नाहीत.

सरळ कापांना मी अजूनही 18 मिमीचा साधा कटरच वापरतो. 1956 साली जपानमध्ये निघालेलं हे तुकडे मोडत जायचं पातं, त्याला पाजळायची कटकटच नाही. फक्त मऊ क्रोमच्या चामड्यावर ते चामडं पुढे ओढतं आणि वळणावर काप खालून तिरका जातो. अर्धगोल सुरीचा मोह होतोय, पण इतकी लांब वाकडी कड पाजळायची हिंमत अजून नाही.

काल रात्री नव्या रापीचा डावा कोपरा ग्रॅनाइटवर टेकला आणि मिलिमीटरभर उडाला. परत 220. घासतोच आहे तर कोपऱ्यांना थोडी गोलाई द्यावी म्हणतो. कुणी दिली असेल तर किती दिली ते कळवा.