आरोग्यमातेच्या वाटेवर, चेन्नई ते वेलंकणी पायी

यंदा दादासाठी वेलंकणीला, तमिळनाडूतल्या आरोग्यमातेच्या देवळाला, चालत गेले. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हापासून दर ऑगस्टला ईसीआरच्या, म्हणजे समुद्राकाठच्या ईस्ट कोस्ट रोडच्या, कडेने भगवे कपडे घातलेली माणसं जाताना बघत होते, अनवाणी, गळ्यात रोझरी, पुढे छोट्या लाकडी गाड्यावर साडी नेसवलेली माता. आपल्या वसईत सप्टेंबर म्हणजे मोतमावली, बांद्र्याची जत्रा, मेणाचे हातपाय, नोव्हेना, हे सगळं रक्तातच आहे, पण तीनशे किलोमीटरच्या वर चालत जायचं हे आपल्याकडे आळंदी-देहूवाले करतात, आपण लोकल पकडतो.

दादा डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. ते एकवेळ सवयीचं झालं होतं, पण गेल्या वर्षी घरी प्रार्थनेला येणाऱ्या एका गृहस्थांनी त्याच्या डोक्यात भरवलं की प्रभूने बरं केलंच आहे, तू मशीनवर जातोस म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय. दादा भोळा. त्याने जायचं टाळलं. छातीत पाणी भरलं, रात्री दोनला आईचा फोन, मग आयसीयू. वाचला. पण त्यानंतर तो कितीतरी दिवस गप्प गप्प असायचा आणि एकदा मला म्हणाला, माझाच विश्वास कच्चा असेल का गं? त्या वाक्याने मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. तो राग घेऊनच मी चालायला निघाले, खोटं कशाला बोलू.

बेझंट नगरच्या देवळातून मध्यरात्रीनंतर निघालो. शेजारच्या अक्काच्या पॅरिशचा ग्रुप, सगळे तमिळ, मी एकटीच मराठी. चालायचं ते रात्री आणि पहाटे, ऊन चढलं की कल्याण मंडपात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात आडवं व्हायचं, सामान टेम्पोत. पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या, कारण ट्रक अगदी अंगावरून जातात. महाबलीपुरम अंधारातच गेलं. पाँडिचेरीला आंघोळ मिळाली एवढंच आठवतं. कडलूर कधी आलं कधी गेलं, विचारू नका.

गाड्यावरचा स्पीकर मात्र चांगलाच आठवतो. जनरेटरची घरघर आणि वर तीच चार गाणी, रात्रभर. मला माळेवरची 'नमो मरिया' प्रार्थना मनातल्या मनात, आपल्या भाषेत म्हणायची सवय, त्या आवाजात दहा मण्यांचा एक टप्पा पूर्ण होईना. एकदा जाऊन आवाज कमी करा म्हणून सांगितलं तर पोरं गोड हसली आणि आवाज तेवढाच ठेवला. मग पहाटे साडेतीनला, सगळे अर्धवट झोपेत पाय ओढत असताना कोणीतरी 'मरिये वाळ्ग!', मरियेचा जयजयकार, म्हणून ओरडलं आणि पुढून मागून सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि माझ्याही तोंडून ते निघालं, डोळ्यातून पाणी यायला लागलं, का ते माहीत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा त्या स्पीकरने डोकं उठलं.

वाटेत लोक ताक देतात. ते त्याला मोर म्हणतात, आलं, कढीपत्ता, हिंग घातलेलं पातळ ताक, स्टीलच्या ग्लासात नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत. देणारे बहुतेक हिंदू, काही ठिकाणी मुसलमान. लिंबू भात, दही भात, केळी. वेलंकणीची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, तिथल्याच नडुतिट्टूला वडाखाली ताक विकत बसलेला पांगळा पोरगा, मरियामातेने त्याच्याकडे बाळासाठी ताक मागितलं आणि तो उठून चालायला लागला. सोळाव्या शतकातली म्हणतात. लहानपणी ऐकताना मला त्यात फक्त चमत्कार दिसायचा. रस्त्यावर ग्लास हातात घेतल्यावर जाणवलं की आधी त्या पोराने दिलंय. पायात बळ नव्हतं तेव्हा दिलंय.

चिदंबरम सोडलं आणि माझे पाय गेले. डाव्या टाचेला मोठा फोड, उजव्या चवड्याला दोन, आणि मी हट्टाने अनवाणी. कोळ्ळिडम नदीचा पूल लांबच लांब आहे, वाळू आणि मधे मधे पाण्याच्या धारा, तो पूल ओलांडेपर्यंत ग्रुप पुढे निघून गेला, ऊन चढलं, डांबर तापलं. पांढऱ्या पट्टीवरून चालायचं म्हणजे जरा कमी भाजतं. पुढे कुठेतरी एक पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याचं, तिथे सावलीत मी सरळ खाली बसले.

दुकानात एक आजी होती, पंक्चरवाल्याची आई. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, नाकात दोन्हीकडे चमकी. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आधी पायांकडे बघितलं. ट्यूब बुडवून हवा तपासायचं जे घमेलं असतं ते तिने उचललं, त्यातलं काळं पाणी रस्त्यावर ओतलं, राखेने घासलं, दोनदा विसळलं, मग आतून कोमट पाणी आणि मूठभर मीठ. माझे पाय स्वतः उचलून त्यात ठेवले. मी नको नको म्हणतेय, ती ऐकतेय कुठे. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात ते मी दर वर्षी बघते. माझे पाय असे याआधी कोणी धुतले नव्हते.

भिंतीवर मुरुगनचं कॅलेंडर, त्याच्या कोपऱ्यात दोरा ओवलेली सुई टोचून ठेवलेली. ती काढली, स्टोव्हच्या जाळावर लाल होईपर्यंत धरली, लुगड्याच्या पदराने पुसणार होती तर मुलाने ओरडून थांबवलं, मग तशीच गार होऊ दिली. फोडाच्या एका कडेने घातली, दुसऱ्या कडेने काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे त्या दोऱ्यावाटे पाणी झिरपत राहतं आणि वरची कातडी तशीच बसते. 'वलिक्कुदा?' म्हणाली, दुखतंय का. मी मान हलवली, नाही. ती हसली, तिला कळलं होतं. तिन्ही फोडांना तसंच केलं. खोबरेल लावलं, जुन्या लुंगीची पट्टी फाडून बांधली आणि मुलाची रबरी चप्पल पुढे सरकवली. मी म्हटलं नवस आहे, अनवाणी. ती काय बोलली ते पूर्ण समजलं नाही, मुलाने मोडक्या हिंदीत सांगितलं, अम्मा म्हणते, आई आहे ना ती, पोरीचे पाय फाटलेले तिला बघवतील का?

मी चप्पल घातली.

निघताना तिने कनवटीला बांधलेली वीसची नोट काढली. नातवाच्या डोळ्यात फूल पडलंय, ऑपरेशनची तारीख मिळालीय, वेलंकणीला चांदीचा डोळा मिळतो तो वाहा. नोट माझ्या मुठीत दाबून म्हणाली, 'माता किट्ट सोल्लु'. आईला सांग. तिने तारीखही घेतली होती आणि डोळाही पाठवला होता, एका हाताने डॉक्टरकडे आणि दुसऱ्या हाताने आईकडे, आणि यात तिला कुठे काही विसंगत वाटत नव्हतं. आमच्याकडे त्या गृहस्थांनी हेच दोन हात एकमेकांशी भांडायला लावले होते.

संध्याकाळी ग्रुपमधल्या नर्सबाईंनी दोरे बघून कपाळाला हात लावला, बेटाडिनने सगळं धुतलं, नवीन ड्रेसिंग केलं, टिटॅनसचं विचारलं. मला दोघींचंही बरं वाटलं.

सीरकाळीच्या चौकात वैदीश्वरन कोविलची पाटी दिसली, तिथे शंकर वैद्य होऊन बसलेला आहे. आपण तिकडे वळत नाही, सरळ जातो, पण पाटी वाचून थांबले जरा. या एका जिल्ह्याच्या वाटेवर किती दुखणी घेऊन किती माणसं चालत आलीत. तरंगंबाडी, समुद्र, डॅनिश किल्ला. कारैकालला दारूची दुकानं ओळीने, आमच्यातले दोघं तिथेच 'जरा येतो' म्हणून गेले आणि तीन तास आले नाहीत, सगळे ताटकळत. त्या दिवशी मी माळेवर प्रार्थना केली नाही, नुसती चिडून चालले. नागोरचा दर्गा. नागपट्टिणम.

चालता चालता डोक्यात तेच चालू असायचं. शरीर बरं व्हावं म्हणून देवाकडे मागणं यात लाजण्यासारखं काही नाही, उलट प्रभू ज्या गावात जायचा तिथे आधी आजारीच पुढे आणायचे. रक्तस्रावाची बाई गर्दीत घुसून झग्याला शिवते, तिला तो म्हणतो तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. हेच वाक्य ते गृहस्थ दादाला उलटं करून सांगत होते, बरा नाहीस म्हणजे विश्वास नाही. पण असं उलटं प्रभू कुठे म्हणाला? जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं की पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, तर तो म्हणाला कोणाचंच नाही. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच मिळालं. पौलाचा विश्वास कच्चा होता का? तोच पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो, चक्क घरगुती औषध. याकोब म्हणतो आजारी असाल तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा. बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकाच्या 38 व्या अध्यायात लिहिलंय वैद्याचा मान राख, त्याला परमेश्वरानेच निर्माण केलंय. फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थाला तर बरं झाल्याचे दावे तपासायला 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे, सात हजारांवर लोकांनी बरं झाल्याचं सांगितलं आणि चर्चने 2018 पर्यंत 70 चमत्कार मान्य केले. म्हणजे चर्च स्वतः इतकं जपून बोलतं, आणि आमच्या हॉलमध्ये बसून एक माणूस मशीन सोड म्हणून सांगतो.

हे सगळं मी त्या गृहस्थांना तोंडावर सांगायचं ठरवलं होतं, नागपट्टिणमपर्यंत वाक्यं पाठही झाली होती.

वेलंकणीला 29 ऑगस्टच्या दुपारी पोचलो, संध्याकाळी कोडीएट्रम, झेंडा चढतो तेव्हा इतकी गर्दी की पाय जमिनीला लागत नाहीत. पांढरी बॅसिलिका दिव्यांनी लखलखलेली. लॉजवाल्यांनी भाव तिप्पट केलेले, रांगेत ढकलाढकली, एका बाईने माझ्या बांधलेल्या पायावरच पाय दिला आणि सॉरीसुद्धा नाही. नवसाची माणसं गुडघ्यावर जातात ते वाळूचं होली पाथ मीही तसंच करणार होते, निम्म्यात उठले, पुढचं चालत केलं.

दुकानात पत्र्याचे पातळ चंदेरी अवयव टांगलेले असतात, हात, पाय, डोळे, हृदय, पाळणे, घरंसुद्धा. आजीच्या वीसमध्ये माझे थोडे घालून डोळ्यांची जोडी घेतली. मग किडनी मागितली. दुकानदाराने खोका उपसला, खाली वर केलं, किडनी नाही म्हणाला, पूर्ण माणूस घ्या. बोटभर उंचीचा माणूस, हात जोडलेला. मी तो हातात धरून उभी राहिले. मी इतके दिवस एक अवयव मागत आले होते, क्रिएटिनिन, पोटॅशियम, युरीन आउटपुट, आणि दादा त्यात कुठेच नव्हता, रात्री जागा असणारा, स्वतःवर संशय घेणारा दादा. पूर्ण माणूस घेतला. दानपात्रात आधी डोळे टाकले, तमिळमध्येच, 'माता, पेरन कण्णु', आई, नातवाचा डोळा, एवढंच मला अक्काने शिकवलं होतं. मग दादाला टाकलं. तेव्हा मराठीत बोलले, काय ते माझ्याजवळ राहू दे.

दुसऱ्या दिवशी मराठी मिस्सा मिळाली, वसई-मुंबईकडची माणसं भेटली, कोणीतरी घरून आणलेलं सुकं बोंबील लोणचं दिलं, भातावर काय लागलं ते. मग समुद्रावर गेले. 26 डिसेंबर 2004 ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, या किनाऱ्यावर शेकड्याने माणसं गेली, त्यात नवस फेडायला आलेली कितीतरी. त्यांच्या स्मारकापाशी उभी राहिले. आरोग्यमातेच्या दारात हे का झालं याला माझ्याकडे उत्तर नाही आणि कोणी देऊ लागलं तर मला ऐकायचंही नाही. त्यांचा विश्वास कमी होता म्हणायची कोणाची हिंमत आहे? त्यांच्यासाठी एक माळ म्हटली, पूर्ण, शांतपणे.

तिथूनच दादाला फोन लावला तर तो मशीनवर होता, मागे बीप बीप चालू. म्हणाला, आज वेळेवर आलोय, रागवू नको. तुझ्यासाठी पूर्ण माणूस वाहिला म्हटलं तर बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, बरं केलंस. त्याचा आवाज तसा मी आजारपण सुरू झाल्यापासून ऐकला नव्हता. रिपोर्ट जसेच्या तसे आहेत, त्यात काही फरक नाही, पण तो परत रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसायला लागलाय, आई सांगते.

त्या गृहस्थांशी बोलले, वसईला गेले तेव्हा. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. एवढंच म्हटलं की दादासाठी प्रार्थना जरूर करा, पण इथून पुढे डायलिसिसच्या दिवशी त्याला घेऊन जायला तुम्हीही या. ते एकदा आले, चार तास बाजूला बसले.

वहिनी किडनी देतेय. तिच्या टेस्ट सुरू आहेत, ब्लडग्रुप जुळलाय, तिची किडनी त्याचं शरीर नाकारणार नाही ना ते बघणाऱ्या क्रॉसमॅचचा रिपोर्ट यायचाय. तुमच्या माळेत दोघांनाही घ्या, दादाला आणि वहिनीला, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही. आणि कोळ्ळिडमच्या पुलापुढे एक पंक्चरचं दुकान आहे, तिथल्या नातवाच्या डोळ्याचं ऑपरेशन आता झालेलं असेल, त्याच्यासाठीही एक नमो मरिया म्हणा.