शेकवाल्या मॅडम: आमची वाटचाल

२००९ च्या दसऱ्याला फलटणमध्ये एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत दहा बाय अठराचा गाळा भाड्याने घेतला आणि 'फिजिओथेरपी सेंटर' अशी पाटी लावली. पाटी कोणी वाचली नाही. आठवडाभरात आमचं नाव पडलं, 'शेकवाल्या मॅडम'. अजूनही रिक्षावाल्याला तेच सांगावं लागतं, नाहीतर तो दुसरीकडेच नेऊन सोडतो.

पतसंस्थेचं कर्ज काढून पहिल्या झटक्यात ट्रॅक्शन (कंबर-मान ताणायचं मशिन), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींनी शेकायचं मशिन), मेणाचा शेक आणि करंटची दोन मशिनं घेतली. नवऱ्याचं मेडिकल दुकान असल्यामुळे हप्ते थकले नाहीत, एवढंच. कंबर, मान, गुडघे यावर पहिलं वर्ष निघालं. मला मात्र शिकत असल्यापासून ओढ होती ती पक्षाघाताच्या पेशंटची. ते येत, पण उशिरा. आमच्याकडे कोणी 'स्ट्रोक' म्हणत नाही, 'लकवा'सुद्धा कमीच. 'अंगावरून वारं गेलंय' म्हणतात. आणि वारं गेलं की पहिला फोन डॉक्टरला जातोच असं नाही. एकदा एका आजोबांचा हात तपासायला घेतला तर कोपराच्या घडीत तपकिरी खपल्या. मला वाटलं जखम. मुलगा म्हणाला, "पारव्याचं रक्त लावलंय, मॅडम. एकवीस दिवस." मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं तर ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. इथे एकवीस दिवस पारवे शोधण्यात गेले होते. पुढचे तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, त्यातला महिना संपत आला होता.

आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "करंट कवा लावणार?" करंट लावला की मनगट टुणकन उडतं. नातेवाईक खूश, "हाललं बघा!" पण हलवलेलं असतं मशिनने. मेंदूने काही केलेलंच नसतं. पेशंटने स्वतः जोर लावायचा आणि त्याच क्षणी करंट द्यायचा, तर त्याचा उपयोग होतो; नुसता पडून घेतला तर नाही. हे समजावताना माझा घसा बसायचा आणि गल्ला रिकामा राहायचा. मशिनचे पैसे लोक बिनबोभाट देत. खुर्चीतून वीस वेळा उठवलं-बसवलं की म्हणत, "हे तर घरी पण करता येतंय, ह्याचे कसले पैसे?"

आता माझी चूक सांगते. २०११ मध्ये सुताराकडून छताला हुक बसवून घेतला, त्याला कप्पी आणि दोरी. चांगल्या हाताने दोरी ओढायची की लुळा हात वर जातो. दिसायला झकास. बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसायचं की इथे काहीतरी चाललंय. लुळ्या बाजूचा खांदा मात्र मुळातच उतरलेला असतो, हाड आणि खोबणीच्या मधे बोट मावतं. फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, फिरलेला नसताना हात तसाच डोक्यावर ओढला तर मधले स्नायू चेमटतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि तरीही कप्पी लावली होती. एक निवृत्त गुरुजी तीन आठवडे न चुकता ती ओढत होते. मग यायचे थांबले. चौथ्या आठवड्यात त्यांचा मुलगा आला, आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, हात हलत नव्हता तेव्हा बाबा झोपत तरी होते." मी महिन्याची फी परत केली. त्याने ती टेबलावरच ठेवली आणि गेला. कप्पी त्याच संध्याकाळी काढली. हुक राहिला.

त्यानंतर मी मशिनांमागे धावणं सोडलं. ट्रॅक्शन विकलं, तेही निम्म्या किमतीत. आणि पेशंट आला की पहिला प्रश्न बदलला. काय होतंय असं न विचारता, काय करायचंय असं विचारायला लागले.

२०१४ मध्ये गिरवीच्या बाजूच्या एक काकू आल्या, चार महिन्यांपूर्वी उजव्या बाजूवरून वारं गेलेलं. हातात पिवळा रबरी बॉल, कुणीतरी दवाखान्यात सांगितलेला. दिवसभर दाबत असायच्या. आमच्या सेंटरात बॉलला बंदी आहे आणि त्याचं कारण दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं. सुरुवातीला हात लुळा असतो, मग हळूहळू ताठरपणा येतो आणि बोटं आत वळून मूठ घट्ट बसते. आवळणं त्या हाताला आपोआप जमायला लागलेलं असतं, उलट नको इतकं जमतं. जमत नाही ते सोडणं. बॉल दाबून आपण त्या हाताला येत असलेलाच धडा पुन्हा गिरवायला लावतो.

काकूंना विचारलं, "काय करायचंय?" शब्द अडखळत होते, सून मधे बोलायला गेली, तिला थांबवलं. काकू म्हणाल्या, "धार." सुनेने मग खुलासा केला, "मी काढते, पण म्हैस पान्हा चोरते. हिला ह्यांचाच हात लागतो."

धार म्हणजे दाबणं आणि सोडणं, पुन्हा दाबणं आणि सोडणं. ह्याहून चांगला व्यायाम मला पुस्तकात सापडला नसता. रबरी हातमोज्यात पाणी भरलं, एका बोटाला टाचणीने भोक पाडलं आणि तो छताच्या त्या हुकाला टांगला. खाली बादली. काकूंनी बोट धरलं, दाबलं, चिळकांडी उडाली, आणि मूठ तशीच. सुटेना. सून बोटं ओढायला धावली. बोटं ओढायची नाहीत, ओढली की ती आणखी आवळतात. मनगट खाली वाकवायचं, आधी अंगठा बाहेर घ्यायचा, मग बोटं आपोआप सैल पडतात. पहिल्या दिवशी एकेका सोडण्याला अर्धं मिनिट लागत होतं. थंडीत जास्त. महिन्याभराने घरी गोठ्याच्या आढ्याला मोजा टांगला गेला आणि नातू आकडे मोजायला बसायला लागला. पाच महिन्यांनी काकू शेळीची धार काढत होत्या. म्हशीची नाही. म्हशीला लय लागते आणि लय चुकली की ती लाथ मारते. सहा महिन्यांनंतर काही होत नाही असं जे सांगतात, ते मला पटत नाही. वेग मंदावतो, पण काकूंचा अंगठा दहाव्या महिन्यात मोकळा झाला.

हे सगळं छान, पण धंदा म्हणून बघा. आठवड्यातून पाच वेळा गावाहून रिक्षा करून यायचं तर रिक्षाचं भाडं आमच्या फीच्या तिप्पट. विमा असलाच तर तो बहुतेक वेळा ऍडमिट असेपर्यंत. आमच्याकडे येणारे जवळपास सगळे खिशातून भरतात. पेरणीला गायब, ऊसतोड सुरू झाली की गायब. म्हणून मी स्कूटीवर फिरती सुरू केली. घरच्यांना शिकवायचं आणि व्यायाम त्यांच्याकडून करून घ्यायचे, अशी बांधणी केली. ती बसते न बसते तोच २०१७ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात 'अटेंड' नावाचा अभ्यास छापून आला. तो भारतातलाच होता, १४ रुग्णालयं, १,२५० पेशंट. घरच्यांना शिकवून त्यांच्याकरवी व्यायाम करवले तर फरक पडतो का, हेच त्यात तपासलं होतं. सहा महिन्यांनी, घरच्यांना शिकवलेल्या आणि नुसते नेहमीचे उपचार दिलेल्या, दोन्ही गटांत दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले सारखेच, ४७ टक्के. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. ज्याच्यावर दुकान उभं केलं तेच पोकळ निघालं की काय?

मग आमच्याच वह्या काढून बसले. घरी व्यायाम होतात, पण पहिल्या पंधरवड्यानंतर ते उरकले जातात. 'पाय हलवला' अशी नोंद असते आणि किती वेळा हलवला ते नसतं. तेव्हापासून घरच्यांना शिकवून सोडून देणं बंद केलं. दर तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी जातंच, आणि वहीत आकडा लागतो. खर्च वाढला. फी वाढवली, काही पेशंट गेले.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ती फेरीही बंद पडली. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून व्यायाम घ्यायचो. नेटवर्कसाठी पेशंटला अंगणात आणून बसवत. मला वाटलं होतं सगळे मागे पडणार, पण तीन-चार जण झपाट्याने सुधारले. पुण्याला नोकरीला असलेली त्यांची पोरं त्या काळात घरी होती, दुसरं काम नव्हतं आणि ती आकडे मोजत होती.

फिरतीच्या वाटेवर कमला निंबकर बालभवन लागतं. शाळा सगळ्यांना माहीत आहे, पण जिच्या नावाने ती आहे त्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं हे गावात फारसं कोणी सांगत नाही. जन्माने त्या अमेरिकन. हाताला त्याचं रोजचं काम परत द्यायचं, ही त्यांच्या विद्येची मुख्य गोष्ट, आणि मला ती शेळीच्या धारेपर्यंत कळली नव्हती.

सध्या आम्ही तिघं आहोत: मी, एक नवीन फिजिओ आणि आमच्या मावशी. मावशी जुन्या गोधडीचे जाड हातमोजे शिवतात, चांगल्या हाताला घालायला, म्हणजे झक मारून अशक्त हात वापरावा लागतो. मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येतात त्यांनाच देतो, बाकीचे नुसते चिडतात. फिजिओ टिकत नाहीत, दोन वर्षं झाली की पुणे. त्यांना दोष देत नाही, तिथे पगार दुप्पट आहे.

गेल्या महिन्यात नवीन सामान आलं ते सुताराकडूनच. आमच्या पायऱ्या पुस्तकातल्या मापाच्या होत्या. पेशंट त्या चढायचे आणि स्टँडवर जाऊन लाल गाडीच्या पहिल्या पायरीपाशी अडकायचे. म्हणून मी मेजरिंग टेप घेऊन स्टँडवर गेले आणि उभ्या गाडीची पायरी जमिनीपासून मोजायला लागले. कंडक्टर खाली वाकून बघत होता. म्हणाला, "काय मॅडम, गाडी इकत घेताय काय?"

पायरी तयार आहे, दांडाही गाडीसारखाच डाव्या हाताला लावलाय. आता उजव्या हाताचा करायचाय.