‘लेनिस’ आणि त्याचे क्लू

इंग्रजी शब्दकोडी सोडवणाऱ्या बहुतेकांची ‘लेनिस’ या शब्दाशी पहिली गाठ चौकटींतच पडते. मूळ लॅटिन असलेली ही ध्वनिशास्त्रातील संज्ञा कमी जोर लावून उच्चारलेल्या, म्हणजे मृदू, व्यंजनांसाठी वापरतात. जोरकस व्यंजनांना ‘फोर्टिस’ म्हणतात. इतक्या आडवळणाच्या शब्दावर कोडेकारांचा लोभ का, याचे उत्तर ध्वनिशास्त्रात नसून कोड्याच्या रचनेत आहे. अमेरिकी पद्धतीच्या कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसावे लागते, त्यामुळे व्यंजन आणि स्वर एकाआड एक येणारे, नेहमीच्या अक्षरांचे छोटे शब्द रचनाकाराला हवेच असतात. एल, ई, एन, आय, एस ही अक्षरे तशीच आहेत, आणि अनेकवचनी शब्द जिथे येऊन संपतात त्या उजव्या व खालच्या कडेला शेवटचा एस फारच सोयीचा पडतो.

क्लू ‘जोर न लावता उच्चारलेले’ असा असेल, तर तक्रारीला जागा नाही. मात्र ‘बी किंवा डी यांच्यासारखे घोष’, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपासह उच्चारलेले, या धर्तीचा क्लू मला अन्यायाचा वाटतो, आणि मराठी शाळेत व्याकरण शिकलेला वाचक तर तो निमूटपणे मान्य करील. आपल्या पुस्तकांत क, च, ट, त, प ही कठोर आणि ग, ज, ड, द, ब ही मृदू व्यंजने असतात. ‘जगत्’ आणि ‘ईश’ यांचा संधी होऊन ‘जगदीश’ होताना कठोराचे मृदू होते, तो हाच भेद. पण हे मृदुत्व घोषत्वाचे आहे. मराठी ब उच्चारताना ओठ उघडण्याआधीच स्वरतंतू कंप पावू लागतात, तर इंग्रजी ‘बिन’मधल्या बीमध्ये तो कंप पुष्कळदा ओठ उघडल्यावरच सुरू होतो.

लिस्कर आणि एब्रॅमसन या ध्वनिअभ्यासकांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अकरा भाषांच्या अभ्यासात हे अंतर मोजलेले आहे, आणि त्या अकरांत मराठीही होती. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून कंप सुरू होईपर्यंतचा काळ इंग्रजी पीमध्ये साधारण ६० मिलिसेकंद भरतो, तर बीमध्ये तो शून्याजवळ असतो. मराठीत शून्याजवळ असतो तो प. ब त्याच्या बराच अलीकडे, ऋण बाजूला. म्हणजे या एका मापापुरता इंग्रजी बी आपल्या बपेक्षा पच्या शेजारी जाऊन बसतो! शब्दाच्या अखेरीस तर भेदाचा बराचसा भार आधीच्या स्वरावर पडतो. ‘बीड’मधील स्वर ‘बीट’मधील स्वरापेक्षा स्पष्टपणे लांब असतो. ज्या भेदात कंप असेलच याची खात्री नाही, त्याला घोष-अघोष म्हणणे अडचणीचे ठरते, आणि म्हणूनच अनेक अभ्यासक इथे लेनिस-फोर्टिस ही जोडी वापरतात.

नुसता ‘मृदू’ हा क्लूही निर्धोक नाही. रशियन भाषेत मृदू व्यंजन म्हणजे जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून केलेले तालव्य रूप, आणि त्याचा लेनिसशी संबंध नाही. उलट ग्रीक लिपीत शब्दारंभीच्या स्वरावर ‘ह’ नसल्याची जी खूण असते, तिच्या लॅटिन नावात मात्र हाच ‘लेनिस’ आहे.

ब्रिटिश पद्धतीच्या कूट कोड्यासाठी मी ‘सॉफ्ट लाइन्स रीड्रॉन’ असा क्लू देईन. त्यात ‘सॉफ्ट’ ही व्याख्या, ‘रीड्रॉन’ ही फेरजुळणीची खूण, आणि ‘लाइन्स’ची पाच अक्षरे फिरवली की उत्तर तयार, संज्ञा आधी माहीत नसली तरी तिथवर पोहोचता येते. अमेरिकी कोड्यात सहसा ही वाट नसते. तिथे निदान छेद देणारे शब्द तरी ओळखीचे असावेत, कारण पहिल्या घरातून एखाद्या अल्पपरिचित नदीचे नाव जात असेल, तर तिथे एल भरायचा की आणखी काही, हे सोडवणाऱ्याला अंदाजानेच ठरवावे लागते.