येत नाही म्हणता, तरी या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. श्रावण जवळ आला की बेळगावच्या वडगावातल्या आमच्या झिम्मा-फुगडीच्या सरावाला नवीन बायका येतात आणि दारातच थांबून विचारतात, "अक्का, मला नाचायला काय येत नाही ओ. नुसतं बसून बघितलं तर चालतंय न्हवं?" बसून बघितलेलं चालतं. पण येत नाही हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही.

खानापूर भागात पावसाळ्यात नट्टी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते, तेव्हा एखाद्या बांधावर थांबून बघा. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताच्या बोटांनी रोप खोचायचं आणि एक पाऊल मागं यायचं. बायकांची सगळी रांग अशी मागं मागं सरकत असते. एकीनं घाई केली तर ओळ वाकडी होते, म्हणून कुणीतरी गाणं उचलते, बाकीच्या ते धरतात, आणि हात त्या ठेक्याला लागतात. दिवसभर वाकून ताल सांभाळणारी हीच बाई संध्याकाळी मला सांगते की तिला ताल कळत नाही! आमच्या शहापूर-वडगावात हातमाग चालायचे तेव्हा विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा. पायानं पावडी दाबायची, हातानं धोटा फेकायचा, एकाची वेळ चुकली की सूत तुटायचं. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं बघा, मांडीवरच्या सुपाकडे न बघता चालतात. आणि आपल्या खेळांत तरी काय नाचवतो आपण? सूप आणि लाटणं. कामाच्या वस्तू उचलल्या आणि त्यांनाच घेऊन नाचलो. अंगाला हे सगळं आधीपासून ठाऊक आहे.

मग अडतं कुठं? आमच्या घरांत नाच म्हटलं की मोठी माणसं दचकायची, आणि त्याला कारण होतं. सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. यल्लम्माला मुली सोडायची रीत या भागानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. कर्नाटकानं देवदासी प्रतिबंधक कायदा केला तो १९८२ साली, म्हणजे आज साठीत असलेल्या बायकांचं लहानपण त्याच्या आधीचं. देवीच्या नावानं सोडलेल्या मुलींकडे लोक कोणत्या नजरेनं बघायचे ते आमच्या आज्ज्यांना ठाऊक होतं, म्हणून अंगणात पोरीनं जरा गिरकी घेतली की ओरडा बसायचा. त्यांची भीती खरी होती. पण त्या भीतीत दोष सगळा नाचावर आला आणि ज्यांनी त्या मुलींचं आयुष्य नासवलं ते मोकळे राहिले, हे मला आजही सलतं. २०२१चा पद्मश्री मंजम्मा जोगती यांना जाहीर झाला तेव्हा मला रडू आलं. कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षपदावर बसलेल्या त्या पहिल्या तृतीयपंथी, आणि त्यांची कला म्हणजे जोगती नृत्य. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, घ्यायचा, त्याला हात लावायचा नाही, आणि नाचायचं. मान स्थिर ठेवून बाकीचं अंग मोकळं सोडणं किती अवघड असतं, ते रिकामी घागर डोक्यावर घेऊन चार पावलं चालून बघा म्हणजे समजेल.

फुगडीबद्दल मात्र मला नीट सांगायचंय, कारण नवीन बाई तिथंच घाबरते. समोरासमोर उभं राहायचं, हातांची अढी घालायची, चवडे एकमेकींना भिडवायचे आणि मागं झुकायचं. नवीन बाई हात धरते, पण वजन देत नाही. कोपर वाकवून स्वतःला स्वतःच सावरून धरते, आणि मग दोघी लटपटतात. हात ताठ झाले, वजन मागं गेलं की दोघींच्या मधल्या एका जागेभोवती आपण आपोआप फिरायला लागतो. एक अंगानं भारी आणि एक बारीक असली तरी जमतं. बारकीनं जास्त झुकायचं, दुसरीनं कमी. नजर समोरचीच्या तोंडावर ठेवायची, भिंतीकडे बघितलं की गरगरतं. आणि थांबताना हात एकदम सोडायचे नाहीत, वेग उतरू द्यायचा.

आमच्याकडे एक मावशी आल्या होत्या. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालेलं. त्या कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवायच्या, फार सुरेख वाजवायच्या. एकदा मी त्यांच्यापुढे हात केले. आधी नको नको म्हणाल्या, मग उठल्या. फेरा संपला, श्वास लागलेला, पण हात सोडेनात. "आणखी एक घालूया की," म्हणाल्या. आम्ही घातली.

पुरुषही विचारतात, आमचं काय? तुमचं कधी अडलंय? पंढरीच्या वाटेवर टाळ घेऊन पावली खेळताना, भर दिंडीत एकमेकांना फुगडी घालताना कुणी तुम्हाला येतं का म्हणून विचारलं नाही. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत ढोल घुमला की अंगात येतो तो ठेका कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम घेऊन रात्रभर खेळणाऱ्या पोरी मात्र मला फार आवडतात. आमच्या वयाला ते मिळालं नाही.

आमच्यात कन्नड बोलणाऱ्या शेजारणीही आहेत. त्या कोलाट घेऊन आल्या. आम्ही टिपऱ्या खेळायचो त्याहून त्यांची चाल वेगळी, दमवणारी. सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे आणि त्यात माझं मत काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांनाही. टिपरी खेळताना समोरचीच्या हाताकडे सतत लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर ती बोटावर बसते. त्यांच्या "बर्री अक्का", म्हणजे "या अक्का", या हाकेवर मी धावत जाते आणि मला ते मनापासून आवडतं.

तर या. साडी असली तर पदर खोचून, ड्रेस असला तर ओढणी कमरेला बांधून. पोटभर जेवून लगेच येऊ नका. गुडघे दुखत असतील किंवा चक्कर येत असेल तर आधी सांगा, मग फुगडी नको, झिम्म्याच्या टाळ्यांपासून सुरू करू. पहिल्या दिवशी भिंतीला टेकून बसलात तरी चालेल. नंतर मी हात पुढे करीन, तेव्हा कोपर वाकवू नका.