तुम्ही विचारलंत म्हणून: हे तिच्यासाठी की स्वतःसाठी?

हा प्रश्न बहुतेक वेळा आवाज खाली आणून विचारला जातो. आधी माझ्या आजारी मांजराची, चिंगीची, बाकीची चौकशी होते, सलाईन घरीच लावायचात का, ती लावू द्यायची का, रात्री उठावं लागायचं का. मग जरा थांबून: "राग मानू नका, पण हे सगळं तुम्ही मांजरासाठी करत होतात की स्वतःसाठी?"

मला राग येत नाही. विचारणाऱ्याच्या घरी बऱ्याचदा एखादं मांजर नुकतंच आजारी पडलेलं असतं आणि त्याला खरं तर स्वतःबद्दलच विचारायचं असतं. म्हणून नीट उत्तर देते.

दोघींसाठी करत होते. तिच्याशिवायचं घर मला नको होतं, हे कशाला लपवू? पण माझी माया कितीही खरी असली तरी तिला बरं वाटतंय की नाही हे त्यावरून ठरत नाही. ते तिच्याकडे बघूनच कळतं, आणि मांजर दुखणं लपवण्यात इतकं तरबेज असतं की ते बघणंही शिकावं लागतं. घरच्या शुश्रूषेतलं मोठं काम हे आहे असं मला वाटतं. सुया आणि गोळ्या त्या मानाने लवकर जमतात.

चिंगीला किडनीचा आजार होता. म्हाताऱ्या मांजरांत तो फार आढळतो. सुरुवातीला दिसतं एवढंच, की पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं आणि ट्रेमधले वाळूचे ओले गोळे मोठे व्हायला लागतात. किडनीला लघवी घट्ट करता येईनाशी होते, अंगातलं पाणी निसटून जातं, म्हणून मांजर जास्त पितं. आपल्याला वाटतं, वा, छान पाणी पितंय. पाठीवरून हात फिरवताना मणके लागायला लागले की मग आपण दवाखाना गाठतो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. एसडीएमए नावाची तपासणी त्याआधी इशारा देऊ शकते. वय झालेल्या मांजराचं रक्त तपासायला देताना तिच्याबद्दल जरूर विचारा. आजाराच्या चार पायऱ्या धरतात. क्रिएटिनिन २.९ ते ५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर तिसरी, ५ च्या वर गेलं की चौथी. चिंगीचा आजार कळला तेव्हा ती तिसऱ्या पायरीवर होती.

गेलेली किडनी परत येत नाही. मग करायचं कशाला? तुमच्या प्रश्नाच्या पोटात हाही प्रश्न असतोच. तर या आजारात मांजराला जे जे सोसावं लागतं, त्यातल्या पुष्कळ गोष्टींवर वेगवेगळा इलाज आहे. मळमळीवर औषध आहे. अंगातलं पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतं, ग्लानी येते; सलाईनने ते सावरतं. पोटॅशियम उतरलं की मान वर धरवत नाही, हनुवटी छातीकडे झुकते, मागचे पाय लटपटतात. ते भरून काढता येतं. रक्तदाब वाढला तर डोळ्यांचा पडदा सुटून मांजर एका दिवसात आंधळं होऊ शकतं, आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर सुरू झाली तर ते टळू शकतं. आजार तसाच राहतो, पण आजारी मांजराचा मंगळवार बरा जाऊ शकतो. मांजराला पुढच्या वर्षाची कल्पना नसते. त्याला तो मंगळवारच असतो.

सलाईनची सगळ्यांना धास्ती वाटते, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. हे शिरेतून द्यायचं सलाईन नव्हे, कातडीखाली द्यायचं. मांजराच्या दोन खांद्यांमधली कातडी सैल असते. ती चिमटीत धरून वर उचलली की खाली तंबूसारखी पोकळी तयार होते आणि सुई त्या पोकळीत जाते, पाठीला जवळजवळ समांतर. सुईच्या टोकाची तिरकी बाजू वर ठेवायची, आणि दर वेळी नवी सुई घ्यायची. आपल्याला बारीक सुईच घ्यावीशी वाटते, पण बारीक सुईतून धार हळू येते आणि मांजराला तितका जास्त वेळ बसवून ठेवावं लागतं. म्हणून जरा जाड, १८ किंवा २० गेजची सुई बहुधा सोयीची पडते. बाटली आधी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायची आणि थेंबभर सलाईन मनगटावर टाकून बघायचं. गार सलाईन आत शिरलं की मांजर शहारतं.

मग नळीवरची चकती सोडायची. थेंब पडायला लागतात, खांद्यामागे मऊसर फुगवटा येतो, आणि थोड्या वेळाने तो एका बाजूला ओघळत पुढच्या पायाच्या वरच्या भागात उतरतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, पण काही तासांत तो जिरून जातो. किती द्यायचं हे डॉक्टर ठरवतात; मोठ्या मांजराला एका वेळी साधारण १०० ते १५० मिलिलिटर सांगतात. हृदय कमकुवत असेल तर हेच पाणी छातीत साचू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या मांजराचा आकडा आपल्या मांजराला कधीही लावू नका.

सुई आत जाताना चिंगी कान मागे वळवायची. मग पुढचे पंजे अंगाखाली दुमडून, भिंतीकडे बघत बसून राहायची. सुई काढली की उतरायची, एकदा अंग झटकायची आणि थेट बशीकडे जायची. सुई टोचताना ती काय करते यापेक्षा टोचून झाल्यावर काय करते, याकडे माझं जास्त लक्ष असायचं. मांजर पाच मिनिटांत आपल्या कामाला लागलं, तर त्या टोचण्याची किंमत त्याच्या लेखी लहान आहे. तेच मांजर दुपारभर कपाटामागे बसायला लागलं, किंवा बाटली काढायच्या आवाजानेच पळायला लागलं, तर डॉक्टरांशी बोलायची वेळ आली. पद्धत बदलता येते, प्रमाण बदलता येतं, काही वेळा थांबवताही येतं.

गोळ्यांना मात्र तिचा कडाडून विरोध होता. त्यातून एक गोष्ट मी पक्की धरली: दिवसातून तोंड जितक्या कमी वेळा धरावं लागेल तितकं बरं. प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारा, यातलं कुठलं औषध बंद केलं तर चालेल? कुठलं पातळ मिळतं? भूक वाढवणारं मिर्टाझापिन कानाच्या आतल्या कातडीला लावायच्या मलमातही मिळू शकतं. हे प्रश्न विचारायला लोक बिचकतात, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून. चांगल्या डॉक्टरांना ते आवडतात. आणि गोळी दिलीत तर मागोमाग थोडं पाणी किंवा घासभर खाणं द्याच. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकाची गोळी तिथे जखम करते.

आता जेवण. तुमच्या प्रश्नाचं उत्तर "स्वतःसाठी" असं येण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथे असते, आणि हे मी कुणाला दोष द्यायला म्हणत नाही. आपल्या माणसाने चार घास खाल्ले की आपल्याला धीर येतो. मांजर बशीपाशी येतं, वास घेतं, ओठावरून जीभ फिरवतं, तोंड वळवतं. घरातले म्हणतात, नखरे. ते नखरे नसतात, मळमळ असते. भूक आहे म्हणून ते आलं आणि वासाने ढवळलं म्हणून परत गेलं. अशा वेळी सिरिंजने तोंडात अन्न कोंबलं तर मांजर त्या अन्नाचा आणि ढवळण्याचा संबंध जोडतं आणि पुढे बरं वाटत असलं तरी त्या अन्नाला शिवत नाही. आधी मळमळीवर औषध, मग बशी. बशी समोर अर्धा तास राहिली आणि तोंड लागलं नाही तर उचलून ठेवायची, नंतर किंचित कोमट करून पुन्हा मांडायची.

पण वाट बघायलाही सीमा आहे. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि मूळ दुखण्यावर दुसरं, जिवावरचं दुखणं उभं राहतं. अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. म्हणून एक दिवस पूर्ण उपाशी गेला की फोन करायचा. मानेतून अन्ननलिकेत घालायच्या नळीबद्दल ऐकून लोक दचकतात. दिसायला ती भयंकर दिसते, पण बहुतेक मांजरं ती आरामात वागवतात आणि अन्न, पाणी, औषधं सगळं तोंडाला हात न लावता जातं. किडनीसाठीचं कमी फॉस्फरसचं खाणं उत्तम, पण मांजर ते खातच नसेल तर जे खातं ते द्या. उपाशी मांजराला पथ्याचा उपयोग नाही.

दुखतंय का, हे चेहऱ्यावरून ओळखायची एक पद्धत आहे. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाच गोष्टी बघायच्या: कान, डोळे, नाका-तोंडाचा भाग, मिशा आणि डोकं. दुखणाऱ्या मांजराचे कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेरच्या बाजूला वळतात, डोळे मिचमिचे होतात, थोबाड ताणलेलं दिसतं, मिशा सरळ ताठ होऊन पुढे येतात, डोकं खांद्याच्या पातळीला किंवा त्याखाली जातं. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायला हवा. मांजर शांत बसलेलं असताना बघायचं. झोपेत, खाताना, अंग चाटताना बघून उपयोग नाही. एकदा हे शिकलं की डोळ्यांना सवय लागते. गुरगुरण्यावर मात्र भरवसा ठेवू नका. मांजर सुखात गुरगुरतं तसं दुखण्यातही गुरगुरतं. आणि दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मी एक वही ठेवली होती. वजन दर आठवड्याला, एकाच काट्यावर. खाणं, लघवी, शी, उलटी. झोपेतला श्वास: छाती वर-खाली झाली की एक, असं मिनिटभर मोजायचं. गाढ झोपेत तो मिनिटाला तीसच्या आत असावा. सतत त्याच्या वर राहायला लागला तर सलाईन पुढे न देता डॉक्टरांना कळवायचं. वही लागते, कारण रोज बघणाऱ्या डोळ्याला उतार दिसत नाही. वजन शंभर ग्रॅमने उतरलं हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं.

हे सगळं मिळून दिवसातला थोडासा वेळ जातो. उरलेल्या वेळात ती आजारी मांजर नव्हती, नुसतं मांजर होती, आणि तो वेळ राखणं हा मी उपचाराचाच भाग धरला. खिडकीतली जागा तिची. तिथे कधी औषध नाही, तिथून कधी उचलायचं नाही. औषधं एका ठरलेल्या टेबलावर, ठरलेल्या टॉवेलवर. ती पलंगाखाली गेली तर ओढून काढायची नाही, ती बाहेर येईपर्यंत थांबायचं. ट्रेची एक कड कापून खाली आणली, पाण्याची भांडी तिच्या वाटेवर ठेवली. आजारी जिवाला "आत्ता नको" म्हणता आलं पाहिजे. प्रत्येक वेळी नाही ऐकता येत, पण जिथे ऐकता येतं तिथे ऐकावं.

घरी होण्यासारखं नसतं तेही सांगायला हवं. तोंड उघडून श्वास, अचानक डोळ्यांनी दिसेनासं होणं, मागचे पाय एकाएकी निकामी होऊन किंकाळी, बोक्याने ट्रेमध्ये बसून जोर करूनही लघवीचा थेंब न येणं: यातलं काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि निघा. सकाळची वाट बघू नका.

शेवटाबद्दल विचारता तेव्हा तुमचा आवाज आणखी खाली जातो. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण; जास्त गुण म्हणजे बरी अवस्था. बेरीज ३५ च्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही असं मानतात. मला तिचा उपयोग झाला, पण ती एकट्याने भरू नये. माया असलेला हात गुण वाढवून देतो. मी भरायचे आणि माझी बहीणही वेगळी भरायची, जी अधूनमधूनच चिंगीला बघायची. आमच्या बेरजा दूर जायला लागल्या तेव्हा मी बहिणीच्या आकड्यांकडे जास्त लक्ष दिलं. डॉक्टर घरी आले, आधी गुंगीचं औषध दिलं, ती झोपल्यावर दुसरं. तिला प्रवास करावा लागला नाही.

तुमच्या घरी हे आत्ता सुरू होत असेल, तर पहिलं सलाईन दवाखान्यातच, डॉक्टरांच्या समोर, पण तुमच्या हाताने लावा. ते लावत असताना नुसतं बघून हात बसत नाही. आणि त्याच भेटीत विचारून ठेवा: काय दिसलं तर फोन करू, काय दिसलं तर थेट येऊ, रात्री कुठे जाऊ, आणि काय दिसलं तर तुम्ही मला थांबायला सांगाल? हे शेवटचं विचारायला जड जातं. मांजर बशीतलं खात असतानाच विचारा, तेव्हा उत्तर नीट ऐकू येतं.