तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रीचं नाव आसावरी का?

"कुत्रीचं नाव आसावरी? मोती, टिपू, असं काहीतरी ठेवायचं की!" जिन्यात भेटणारा प्रत्येक जण एकदा तरी हे म्हणतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आधीचा कुत्रा केदार होता. नाव माणसाचं, रागाचंही, ऐकायला भारदस्त. पण तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली की शेवटचा 'र' गॅलरीतच राहायचा. शिवाय मराठीत मुलग्याच्या नावाला 'या' चिकटल्याशिवाय राहत नाही. महिन्याभरात त्याचा केद्या झाला. केद्यात गाण्यातला राग जातो, आपला तेवढा उरतो.

म्हणून हे पिल्लू आलं तेव्हा ठरवलं, नाव स्वरावर संपणारं हवं, म्हणजे हवं तेवढं ओढता येतं. मला 'यमुना' फार आवडलं होतं. सासूबाईंनी साफ नकार दिला. ते त्यांच्या सासूबाईंचं नाव! "जन्मात कधी तोंडातून काढलं नाही, आणि आता 'यमुने, चप्पल सोड' म्हणू?" बरोबरच होतं त्यांचं. कुत्र्याला आपण लाडानं जितक्या हाका मारतो, त्याच्या चौपट वेळा ओरडतो. नणंदेनं 'बसंती' सुचवलं. नावातच 'बस' आहे. बोलावलं की बिचारी जागच्या जागी बसायची.

आसावरी आमच्या घरात कुणी नाही, शेजारीपाजारीही नाही (विचारून घेतलं). चार अक्षरं, चारही मोकळी. आसाऽऽवरीऽऽ म्हटलं की पार्किंगच्या पलीकडे ऐकू जातं. चिडून हाक मारली तरी फार तर 'आसे' होतं, ते चालतं.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पहिल्या मजल्यावर पेटी शिकवणारे काका राहतात, त्यांनी सांगितलं की आसावरी हा दिवसाच्या दुसऱ्या प्रहराचा, म्हणजे सकाळी नऊनंतरचा राग, आणि जातीनं औडव-संपूर्ण: चढताना ग आणि नी गाळायचे, पाचच स्वर, उतरताना सातही घ्यायचे. आमची बाईही नऊ वाजल्याशिवाय डोळा उघडत नाही. जिना चढताना मधल्या पायऱ्या गाळत उड्या मारत जाते, आणि उतरताना एकेक पायरी घेते, प्रत्येकीवर थांबून, हुंगून. काकांचं दार उघडंच असतं. ती वर गेली की आतून आवाज येतो, "औडव!" आणि तिला फिरायला घेऊन मी खाली पोचेपर्यंत ते दारात येऊन उभे असतात. "झालं का संपूर्ण?"